आधी कामाची रीत, मग संगणक

संगणक आला की काम आपोआप सुरळीत होते, अशी समजूत अजूनही अनेकांची आहे. बँकेच्या काउंटरवरचा अनुभव निराळा आहे. दोन कचेऱ्यांचे संगणक एकमेकांना जोडण्यापूर्वी कोणते काम कोणी व कोणत्या क्रमाने करायचे, हे ठरलेले असावे लागते.

शिष्यवृत्तीचेच उदाहरण घेऊ. केंद्र सरकारने १ जानेवारी २०१३ पासून योजनांची रक्कम थेट लाभार्थ्याच्या खात्यात जमा करण्यास सुरुवात केली. महाराष्ट्रात विद्यार्थी महाडीबीटी पोर्टलवर अर्ज भरतो, महाविद्यालय तो तपासते, संबंधित खाते मंजुरी देते आणि आधार क्रमांकावरून रक्कम बँकेकडे येते.

ही रक्कम कोणत्या बँकेकडे पाठवायची, याची नोंद नॅशनल पेमेंट्स कॉर्पोरेशनच्या 'मॅपर'मध्ये असते. तेथे एका आधार क्रमांकापुढे एकच बँक असते. खाते क्रमांक नसतो. पुढे कोणत्या खात्यात जमा करायचे, हे ती बँक आपल्या नोंदीवरून ठरवते. केवायसीसाठी आधारची झेरॉक्स दिली म्हणजे ही नोंद झाली असे नव्हे; त्यासाठी वेगळी संमती द्यावी लागते. विद्यार्थ्याने पुढे दुसऱ्या बँकेत अशी संमती दिली, तर रक्कम तिकडे जाते आणि तो मात्र जुने पासबुक घेऊन रांगेत उभा राहतो. येथे संगणक चुकलेला नसतो. रीत काय आहे, हे विद्यार्थ्याला कोणी सांगितलेले नसते.

म्हणून पतसंस्था असो वा वसतिगृह, सॉफ्टवेअर करवून घेण्यापूर्वी चार गोष्टी कागदावर लिहून काढाव्यात :

१) काम कोठे सुरू होते व कोठे संपते?
२) प्रत्येक नोंद कोण करतो व ती बदलण्याचा अधिकार कोणाला?
३) दोन ठिकाणच्या नोंदींत फरक पडल्यास कोणती खरी मानायची?
४) अर्ज किंवा रक्कम परत आल्यास कोणी, कोणाला व किती दिवसांत कळवायचे?

चौथा प्रश्न सहज विसरला जातो आणि गरीब मुलाची फी नेमकी तेथेच अडते. हा कागद तयार करताना प्रत्यक्ष काम करणाऱ्या कारकुनाला व शिपायालाही विचारावे. कागदावर जे स्पष्ट नाही, ते संगणकात स्पष्ट होत नाही. गोंधळ तेवढा वेगाने होतो.

विद्यार्थी मित्रांनो, अर्ज भरण्यापूर्वी आपल्या आधारापुढे कोणती बँक नोंदली आहे, हे आधारच्या संकेतस्थळावर अथवा बँकेत तपासून घ्या. तुमच्यापैकी जे उद्या सॉफ्टवेअर तयार करतील, त्यांनी आधी एक दिवस काउंटरच्या आत बसावे आणि एक दिवस बाहेरच्या रांगेत उभे राहावे.