तालुकदार म्हणजे नेमका कोण?

जुना जालन्यातल्या एखाद्या घरात पत्र्याच्या पेटीच्या तळाशी अजूनही उर्दू कागद सापडतो. जमिनीचा, नाहीतर जुन्या निकालाचा. सप्टेंबर १९४८ पर्यंत आपण निजामाच्या हैदराबाद संस्थानात होतो आणि तिथला वरचा कारभार उर्दूत चाले. आज वारसाहक्कासाठी किंवा दाखल्यासाठी हा कागद मराठी नाहीतर इंग्रजीत करून द्यावा लागतो. खरी गोची तिथेच होते!

समजा, खाली सही आहे 'अव्वल तालुकदार' यांची. कुणी त्याचं 'पहिला जमीनदार' करून टाकलं तर? कारण अवधमध्ये, म्हणजे आजच्या उत्तर प्रदेशात, तालुकदार म्हणजे बडा जमीनदारच. हैदराबाद संस्थानात मात्र अव्वल तालुकदार म्हणजे चक्क जिल्ह्याचा कलेक्टर. दुय्यम तालुकदार त्याच्या हाताखालचा, आपल्या डेप्युटी कलेक्टरसारखा. सुभेदाराचंही तसंच. आज सुभेदार म्हटलं की लष्करातला हुद्दा आठवतो, पण निजामाचा सुभेदार अनेक जिल्ह्यांच्या सुभ्यावर असे, विभागीय आयुक्तासारखा. मुन्सफ म्हणजे खालच्या दिवाणी कोर्टाचा न्यायाधीश.

एका शब्दाने काय बिघडतं, असं म्हणू नका. कलेक्टरची सही म्हटली तर तो सरकारी कागद, जमीनदाराची म्हटली तर खासगी चिठ्ठी. पुराव्याचं वजनच बदललं ना!

हे दुखणं आपल्यापुरतं नाही. इटलीतला 'नोतायो' आणि आपला नोटरी नावाने भाऊ-भाऊ वाटतात. पण नोतायो हा कायदा शिकलेला, स्पर्धा परीक्षेतून आलेला अधिकारी. घर-जमिनीचा दस्त तोच तयार करतो. आपला नोटरी १९५२ च्या कायद्याखाली मुख्यतः सही-शिक्का करून कागद साक्षांकित करतो, खरेदीखत नोंदवायला सब-रजिस्ट्रारकडेच जावं लागतं. तिकडचा 'माजिस्त्रातो' तर न्यायाधीशही असू शकतो आणि सरकारी वकीलही! इंग्रजीत सरळ मॅजिस्ट्रेट लिहिलं की घोटाळा झालाच.

म्हणून असा कागद हाती आला तर आधी तीन गोष्टी बघा: राज्य कुणाचं, साल कोणतं आणि त्या माणसाचं काम काय. मग मूळ हुद्दा तसाच ठेवा आणि पुढे कंसात काम लिहा, जसं 'अव्वल तालुकदार (निजामकालीन जिल्हाधिकारी)'. मशीनमध्ये पार्ट बसवताना आपण नाव नाही, माप बघतो. इथेही तेच करायचं.