आधी कान, मग आतला आवाज

कारंज्याच्या माधव आणि अंबा या दांपत्याला मुलगा झाला. जन्मताच तो ॐ म्हणाला आणि पुढे सात वर्षं त्याच्या तोंडून दुसरा शब्द निघाला नाही, असं गुरुचरित्राचा अकरावा अध्याय सांगतो. आईबापांनी नाना उपाय केले. शेवटी मुलानेच खुणेने सांगितलं, मुंज करा. मुंजीत आईने पहिली भिक्षा घातली आणि तो ऋग्वेद म्हणू लागला. दुसऱ्या भिक्षेला यजुर्वेद, तिसऱ्या भिक्षेला सामवेद. हेच पुढचे दत्तावतारी श्रीनृसिंह सरस्वती.

कामरगाव नावाचं गाव याच कारंजा तालुक्यातलं. या पट्ट्यात ही कथा लहानपणीच कानावर पडते. सांगणारा सहसा घाईघाईने मुंजीवर येतो, कारण चमत्कार तिथे आहे. मला मात्र आधीची सात वर्षं सोडवत नाहीत. अवतारी पुरुषाला वेद शिकावे लागत नाहीत, हे भाविकाचं उत्तर मला मान्य आहे. तरी कथेने बोलण्याआधी एवढी लांब गप्प बसण्याची जागा का ठेवली? माझ्या मते, या मातीतली अंतःप्रेरणेची सगळी साधना त्या जागेत आहे. आतला आवाज ऐकायचा तर आधी बाहेरचं नीट ऐकता आलं पाहिजे.

शास्त्राधार थोडक्यात सांगतो. समर्थांनी दासबोधाच्या चौथ्या दशकात नवविधा भक्ती मांडली, तिची सुरुवात श्रवणापासून. ज्ञानेश्वरीच्या सहाव्या अध्यायात योगमार्गाच्या ओघात अनाहत नाद येतो. इगतपुरीच्या धम्मगिरीवर १९७६ पासून दहा दिवसांच्या मौनात विपश्यना शिकवतात. मानसशास्त्रात डॅनियल कानेमन अंतःप्रेरणेकडे संशयाने पाहणारे, तर गॅरी क्लाइन आग विझवणाऱ्या अनुभवी अधिकाऱ्यांचा अभ्यास करून तिची बाजू घेणारे. दोघांनी २००९ मध्ये मिळून निबंध लिहिला आणि एकमत झालं ते असं: जिथे गोष्टी ठरावीक रीतीने घडतात आणि आपलं चुकलं की बरोबर हे लवकर कळतं, तिथे वर्षानुवर्षं मुरलेल्या माणसाच्या अंदाजावर भरवसा ठेवावा. इतर ठिकाणी नुसत्या खात्रीला अर्थ नाही.

हे वाचताना मला कामरगावच्या शिवारातले एक म्हातारे मामा आठवले. तूर कापणीला आली की नाही, यावर पोरांचा वाद चालला होता. मामांनी झाडाची एक शेंग तोडली, कानाशी धरून हलवली. मग दुसऱ्या झाडाची, मग बांधाकडच्या सावलीतली. सावलीतली वाजली नाही. "शेंगीले इचारा ना भाऊ, मले काय इचारता?" एवढं म्हणून ते बांधावर बसले. पोरं म्हणत होती, आजोबाला आतूनच कळतं. कळत असेलही, पण त्या कळण्यामागे दर हंगामाला कानाशी धरलेल्या शेंगा होत्या.

आता माझ्या आवडत्या माणसाकडे येतो. खरं तर हा सगळा लेख त्यांच्यासाठीच लिहायला घेतला. शेजारच्या अमरावती जिल्ह्यातल्या लोणी टाकळीत १८८१ मध्ये कुणबी शेतकऱ्याच्या घरी गुलाब मोहोड जन्मले. नऊ महिन्यांचे असताना दृष्टी गेली, आणि चौथ्या वर्षी आई. माधान हे त्यांचं गाव. तेच प्रज्ञाचक्षू संत गुलाबराव महाराज. आयुष्य अवघं चौतीस वर्षांचं, १९१५ मध्ये पुण्यात देह ठेवला. तेवढ्यात शंभराहून अधिक ग्रंथ आणि प्रकरणं झाली: वेदान्त, योग, संगीत, आयुर्वेद, अभंग, पदं. नावंग नावाची एक भाषासुद्धा त्यांनी रचली. डार्विन आणि स्पेन्सर यांच्या मतांचा समाचारही त्यांनी घेतला. आणि यातलं एक अक्षरही त्यांनी डोळ्यांनी वाचलेलं नव्हतं!

मग आत गेलं कुठून? भाविक म्हणतात, ग्रंथ हाती घेतला की महाराजांना आतला मजकूर कळे. मी त्यांच्या श्रद्धेला हात लावत नाही. पण त्यांच्या चरित्रांत दुसरीही एक गोष्ट आहे, आणि ती मला अधिक हलवते. महाराज जातील तिथे पुस्तकांची ओझी बरोबर असत आणि जो भेटेल त्याच्याकडून ते वाचून घेत. वाचणाऱ्याला अर्थ कळला नाही तरी चाले, ऐकणाऱ्याला कळत होता. वाचणाऱ्याचा आवाज अडखळतोय, रात्र चढत चाललीय आणि समोरचा तरुण आंधळा माणूस एकही ओळ निसटू देत नाही, हे दृश्य डोळ्यांपुढे आलं की मला आपल्या वाचनाची घाई टोचते. आपण पान उलटून मागे जाऊ शकतो, म्हणून अर्धवट वाचतो. त्यांना मागे जायला स्वतःची स्मृती तेवढी होती.

१९०१ मध्ये ज्ञानेश्वर माउलींनी आपल्याला जवळ घेऊन स्वनामाचा मंत्र दिला, असं ते सांगत. माउलींच्या समाधीला तेव्हा सहाशे वर्षं झाली होती. तेव्हापासून ते स्वतःला ज्ञानेश्वरकन्या म्हणवत, आणि कृष्णाची पत्नी या भावाने मंगळसूत्र आणि कुंकू धारण करत. मधुराद्वैत ते हेच: जीव आणि देव एक, तरी प्रेमासाठी दोन. त्यांच्या थोरवीची माझी खूण मात्र वेगळी आहे. एवढा मोठा अनुभव आल्यावरही त्यांनी ऐकणं थांबवलं नाही. मला साक्षात्कार झाला, आता मला कोणी काही सांगू नये, असं त्यांचं झालं नाही. अनुभव शास्त्राशी ताडून पाहायचा, हा क्रम शेवटपर्यंत टिकला.

हे ताडून पाहणं नसेल तर आतला आवाज धोक्याचा. गांधीजींचं उदाहरण महाराष्ट्रातलंच आहे. १९३३ मध्ये येरवड्याच्या तुरुंगात रात्री त्यांच्या मनात मोठी झुंज चालली, मग आवाज स्पष्ट ऐकू आला आणि मन शांत झालं, असं त्यांनी नंतर हरिजन पत्रात लिहिलं. ८ मे रोजी एकवीस दिवसांचं उपोषण सुरू झालं. सरकारने त्यांना त्याच दिवशी सोडलं आणि २९ मे रोजी पुण्याच्या पर्णकुटीत उपोषण संपलं. लोकांनी विचारलं, हा भ्रम नसेल कशावरून? त्यांनी पुरावा देण्याचा आव आणला नाही; दीर्घ आणि कडक शिस्तीवाचून असा आवाज ऐकल्याचा दावा कोणी करू नये, हेही बजावलं. पुढे त्यांच्या सेवाग्रामला नई तालीम या शिक्षणपद्धतीचं काम करायला मार्जरी साइक्स आल्या, त्या क्वेकर पंथाच्या. या पंथात उपासना म्हणजे एकत्र शांत बसणं. आतून बोलावंसं वाटलं तर उठून बोलायचं, नाहीतर गप्प राहायचं. तिथे एकाची प्रेरणा बाकीचे पारखतात. ही रीत मला फार शहाणपणाची वाटते.

आपल्याकडे ते काम राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांच्या सामुदायिक प्रार्थनेने केलं. वऱ्हाडात संध्याकाळी गुरुदेव सेवा मंडळाच्या प्रार्थनेला बसलेली माणसं पाहावीत: शेतातून आलेली, हातपाय धुऊन रांगेत बसलेली. महाराज गेले ११ ऑक्टोबर १९६८ ला, दुपारी ४ वाजून ५८ मिनिटांनी. दरवर्षी पुण्यतिथी महोत्सवात गुरुकुंज मोझरीला त्याच मिनिटाला मौन श्रद्धांजली होते. तिथी आश्विन वद्य पंचमी. मी त्या गर्दीत उभा राहिलो आहे. क्षणापूर्वी खंजिरी, जयघोष, हरवलेल्या पोरांच्या घोषणा, आणि एकदम काहीच नाही. शेजारच्या माणसाचा श्वास ऐकू येतो, मग आपला.

ज्यांना घरी अशा ऐकण्याची सुरुवात करायची आहे त्यांनी एखाद्या ध्यानशिबिराची फी भरण्याआधी एवढं करून पाहावं. गुलाबराव महाराजांचा एखादा ग्रंथ मिळवावा आणि स्वतः वाचू नये, घरातल्या कोणाकडून तरी रोज दोन पानं वाचून घ्यावीत, शाळेतल्या नातीकडून घेतली तर उत्तम. डोळे मिटून ऐकावं. वाचन संपल्यावर काय ऐकलं ते तिलाच सांगावं आणि कुठे चुकलं ते तिला पुस्तकात बघून सांगू द्यावं.