उतारा राखणारा केमिस्ट

साखर कारखान्याच्या गव्हाणीत मोळी पडते तेव्हा फोटोत अध्यक्ष असतात, संचालक असतात, आमदारही असतात. चीफ केमिस्ट बहुधा मागच्या रांगेत. पण हंगामभर उसातली साखर पोत्यात किती पडणार, म्हणजे उतारा किती, ते बरंचसं याच माणसावर अवलंबून. इतर उद्योगांत त्याला प्रोसेस इंजिनिअर म्हणतात.

साखर उसानंच तयार केलेली असते. कारखान्याला ती वेगळी काढायची असते आणि काढताना गमवायची नसते. रस आंबट राहून तापला, की सुक्रोज फुटून ग्लुकोज आणि फ्रुक्टोज होतं. ते मळीत जातं. चुना जास्त पडला, तर रस काळवंडतो. म्हणून चुना आणि गंधकाचा वायू सोडताना सामू ७ च्या आसपास धरून ठेवायचा, चोवीस तास, येणारा ऊस ताजा असो वा शिळा.

पुढे रस आटवणारे इव्हॅपोरेटर. एका भांड्यातली वाफ पुढच्या भांड्यातला रस उकळवते, ही युक्ती न्यू ऑर्लिन्सच्या नॉर्बर्ट रिलियो यांची, १८४३ च्या पेटंटची. इंधन वाचवणारी इतकी सुंदर कल्पना उद्योगात विरळाच. मग दाणे पाडणारं पॅन. निर्वातात पाक साधारण ६५-७० अंशांवर उकळतो, म्हणून साखर जळत नाही. पॅनमन प्रूफ स्टिकनं नमुना काढतो, काचेवर पसरून उजेडात धरतो. दाणे सारखे हवेत. मध्येच बारीक धुळीसारखे नवे दाणे दिसले, तर त्याला फॉल्स ग्रेन म्हणतात आणि ते विरघळवावे लागतात. केमिस्टनं पॅनमनशेजारी उभं राहून हे शिकावं. पुस्तकातून ते येत नाही.

प्रयोगशाळेतली एक परीक्षा मला विशेष आवडते. बॉयलरकडे परत जाणाऱ्या पाण्यात आल्फा नॅफ्थॉल घालून, नळीच्या कडेनं सल्फ्युरिक आम्ल सोडतात. जांभळं कडं उमटलं, की पाण्यात साखर आली; ते पाणी बॉयलरला द्यायचं नाही.

खरी कसोटी मात्र तडजोडीची. मिलवर जास्त पाणी मारलं, तर बगॅसमधली, म्हणजे उसाच्या चोथ्यातली, साखर जास्त निघते. पण तेच पाणी पुढे आटवायला वाफ लागते. इथे चीफ इंजिनिअर आणि चीफ केमिस्ट यांचं रोज वाजतं आणि ते वाजायलाच हवं. दिवसाला ५,००० टन गाळपात उतारा ०.१ टक्क्यानं घसरला, तर ५ टन साखर गेली, म्हणजे ५० किलोची १०० पोती. शिवाय एफआरपी, म्हणजे उसाची सरकारनं ठरवलेली किमान किंमत, उताऱ्याशी बांधलेली, मूळ पाया १०.२५ टक्के. केमिस्टची चूक अशी ऊसवाल्याच्या बिलापर्यंत पोहोचते.

या कामाला रसायनशास्त्राची बीएस्सी किंवा केमिकलचं इंजिनिअरिंग लागतं, त्यावर शुगर टेक्नॉलॉजीचं शिक्षण: कानपूरच्या राष्ट्रीय शर्करा संस्थेचं किंवा मांजरीच्या वसंतदादा शुगर इन्स्टिट्यूटचं. सुरुवात लॅब केमिस्टपासून, मग मॅन्युफॅक्चरिंग केमिस्ट म्हणून पाळ्या. रात्रपाळी न काढलेल्या माणसाला चीफ करू नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

रोजच्या अहवालात साखरेच्या तोट्याचे चार रकाने असतात: बगॅस, प्रेसमड (रसातून गाळलेला गाळ), मळी आणि अननोन. पहिले तीन मोजता येतात. चौथा वाढला, की चांगला केमिस्ट केबिनमध्ये सापडत नाही. पंपांचे गळके ग्लँड, ओसंडलेल्या टाक्या आणि कंडेन्सरचं पाणी तपासत तो प्लँटभर फिरत असतो.