शुश्रूषागृहाची पारख : निकष उपस्थात्याचा

चिकित्सालयात येणाऱ्या मंडळींनी व्याधीविषयी प्रश्न विचारावेत हे स्वाभाविकच आहे. परंतु अलीकडे एक वेगळाच प्रश्न वैद्यांपुढे वारंवार येऊ लागला आहे. ‘पक्षाघातानंतर वडील अंथरुणाला खिळले आहेत, आम्ही दोघेही नोकरीला जातो, घरी ठेवलेली बाई टिकत नाही, त्यांना कोठे ठेवावे?’ हा प्रश्न विचारणारा मुलगा अथवा सून बहुधा खाली मान घालून बोलत असते. त्यांना उपदेश नको असतो, खात्रीचे ठिकाण हवे असते. तीन-तीन पिढ्यांची नाडी पाहिलेल्या वैद्याने अशा वेळी ‘ते तुमचे तुम्ही पाहा’ म्हणणे आम्हांस उचित वाटत नाही. रुग्णांच्या निमित्ताने पुणे शहर व उपनगरांतील अशी अनेक ठिकाणे आम्ही पाहिली. त्यांतून जे निकष हाती लागले ते वैद्यबंधुभगिनींपुढे ठेवीत आहोत.

प्रथम शब्दांचा घोळ दूर करावयास हवा. ‘नर्सिंग होम’ ही पाटी आपल्याकडे प्रसूतिगृहावर किंवा दहा-पंधरा खाटांच्या खासगी रुग्णालयावर दिसते. तेथे रुग्ण चार-आठ दिवस राहून घरी जातो. ‘वृद्धाश्रम’ हा मुख्यतः हिंडत्याफिरत्या वृद्धांसाठी असतो, आणि नित्यकर्मे स्वतः करता आली पाहिजेत अशी अट त्याच्या प्रवेशअर्जात पुष्कळदा असते. ज्याला कूस बदलण्यासही दुसऱ्याचा हात लागतो, त्याची सोय या दोहोंत होत नाही. त्याच्यासाठी असते ते शुश्रूषा केंद्र. पंगू व निराधारांना आसरा देण्याची पुण्याची परंपरा जुनी आहे. डेव्हिड ससून यांच्या दातृत्वातून एकोणिसाव्या शतकात सुरू झालेले अनाथ पंगुगृह आज ‘निवारा’ या नावाने ओळखले जाते. उपनगरांतून नव्याने निघालेल्या केंद्रांची जात मात्र निराळी आहे. कोणी बंगला भाड्याने घेतो, कोणी दोन सदनिका जोडतो; दिवाणखान्यात सहा व खोल्यांत दोन-दोन फाउलर कॉट मांडल्या, दारावर पाटी लावली, की केंद्र सुरू होते.

या पाटीमागे कायद्याचे पाठबळ किती, हे विचारण्याचा अधिकार नातेवाइकांस आहे. १९४९ च्या शुश्रूषागृह नोंदणी अधिनियमात रोग, इजा अथवा दौर्बल्य असलेल्या व्यक्तींना ठेवून घेऊन उपचार व शुश्रूषा करणाऱ्या जागेचा समावेश आहे. शहरात ही नोंदणी महानगरपालिकेकडे होते आणि तिचे प्रमाणपत्र दर्शनी भागात लावावे लागते. २०२१ मध्ये नियमांत दुरुस्ती होऊन रुग्णहक्कांची सनद लावण्याची तरतूदही झाली. ‘आम्ही उपचार करीत नाही, फक्त सांभाळ करतो’ असे सांगून पुष्कळ केंद्रे या चौकटीबाहेर राहतात. अशा केंद्रांच्या नोंदणीची व किमान मानकांची तरतूद असलेले एक विधेयक डिसेंबर २०१९ मध्ये लोकसभेत मांडले गेले होते. ते मंजूर झाले नाही, आणि २०२४ मध्ये सतरावी लोकसभा विसर्जित झाल्यावर व्यपगत झाले. त्यामुळे सरकारी शिक्क्यावर विसंबून राहण्याजोगी स्थिती नाही. पाहणाऱ्याची नजरच येथे कामी येते.

ही नजर आपल्या शास्त्राने आपल्याला दिलेली आहे. चरकसंहितेच्या सूत्रस्थानातील पंधरावा, उपकल्पनीय अध्याय आपण विद्यार्थिदशेत वमन-विरेचनाच्या पूर्वतयारीसाठी वाचतो आणि पुढे विसरतो. ते वर्णन राजा वा धनाढ्य रुग्णासाठी आहे हे खरे. दुभती गाय आणि लाव-कपिंजलादी पक्षी आज कोणी मागणार नाही. परंतु आगाराचे जे गुण तेथे सांगितले आहेत, ते हाती घेऊन आजही केंद्र पाहता येते. वास्तू बळकट असावी, वाऱ्याचा झोत अंगावर येऊ नये, तरी एका बाजूने हवा खेळती असावी. आत सुखाने हिंडता यावे. धूर, ऊन, धूळ, नकोसे आवाज व वास यांपासून ती दूर असावी. पाणी, शौचकूप, स्नानस्थान व स्वयंपाकघर यांची सोय असावी. पहिल्या मजल्यावर खाटा आणि उद्वाहक नाही, अशा बंगल्यात ‘रात्री रुग्ण अत्यवस्थ झाला तर खाली कसा आणता?’ एवढे विचारावे. शौचालयाच्या भिंतीला धरावयास दांडा आहे काय, उंबरठा किती उंच आहे, दार बाहेर उघडते की आत, हे वाकून पाहावे. आत पडलेल्या माणसाच्या अंगावरच दार उघडत असेल तर मदत कशी पोहोचणार? आणि वास. मूत्राचा वास वाईट हे सर्वांना कळते; पण भर दुपारी फिनाइलचा उग्र दर्प आला, तरी कोणाची तरी वाट पाहून सारवासारव झाली आहे असे आम्ही समजतो.

तथापि वास्तू हा दुय्यम भाग आहे. चिकित्सेच्या चतुष्पादांत आगाराला स्थान नाही. वैद्य, द्रव्य, उपस्थाता व रोगी हे ते चार पाद. शुश्रूषा केंद्रात वैद्य आठवड्यातून एकदा येतो, द्रव्य डबीत असते, आणि रोग्याचा चोवीस तासांचा सहवास असतो तो उपस्थात्याशी. शुश्रूषेचे ज्ञान, दक्षता, रुग्णाविषयी अनुराग आणि शुचिता हे उपस्थात्याचे चार गुण चरकाने सांगितले. उपकल्पनीय अध्यायात तर न्हाऊ घालणारे, अंग चेपणारे, उठवून बसवणारे, निजवणारे अशी कामांची वाटणीच आहे. आज ही सारी कामे एकटी मावशी करते, आणि पुष्कळदा तीही ब्युरोकडून आलेली, दोन महिन्यांनी बदलणारी असते.

म्हणून संचालकांच्या कक्षात बसून माहितीपत्रक वाचण्यापेक्षा मावशींशी व मामांशी बोलावे. येथे किती दिवस आहात? बारा तासांची पाळी संपल्यावर घरी जाता की येथेच झोपता? रात्री किती जण असतात, आणि किती खाटांमागे? दिवसा चार माणसे दिसतात आणि रात्री पंधरा वृद्धांमागे एकच मावशी उरते, असे आम्ही पाहिले आहे. परिचारिका आहे असे सांगितले, तर ती एएनएम आहे की जीएनएम, आणि तिची परिचर्या परिषदेकडे नोंदणी आहे काय, हे विचारण्यात संकोच नसावा. पांढरा गणवेश कोणालाही शिवता येतो. भेट एकदा ठरवून द्यावी, दुसरी न सांगता द्यावी. ती संध्याकाळी सातनंतर अथवा रविवारी असल्यास उत्तम. न सांगता आलेल्याला दारातच थोपवणारे केंद्र यादीतून वगळावे.

उपस्थात्याचे खरे प्रशस्तिपत्र रुग्णाच्या पाठीवर लिहिलेले असते. माकडहाड, टाचा, नितंबाची हाडे या ठिकाणी सततच्या दाबाने त्वचा प्रथम लाल होते. बोटाने दाबल्यावर ती लाली क्षणभर पांढरी होत नसेल, तर शय्याव्रणाची सुरुवात झाली असे समजावे. सामान्यतः दर दोन तासांनी कूस बदलण्याचा प्रघात आहे. गादीत हवा भरणारा अल्फा बेड लावला म्हणून तो मोडता येत नाही. कूस बदलल्याचा तक्ता मागून पाहावा. एका केंद्रात हा तक्ता आम्हांला तत्परतेने दाखवण्यात आला. आठवड्याच्या सगळ्या खुणा एकाच शाईच्या, एकाच हाताच्या होत्या, आणि ज्या दिवशी आम्ही गेलो त्या दिवसाच्या रात्री दहापर्यंतच्या खुणा दुपारीच झालेल्या होत्या. सकाळी अकरा वाजता सर्व वृद्ध गाढ झोपलेले दिसले, तर निद्राकर औषधांविषयी विचारावे. नळी उपसतात म्हणून हात कठड्याला बांधलेले दिसले, तर कोणाच्या सांगण्यावरून, किती वेळ, आणि नोंद कोठे, हे विचारावे.

आहाराविषयी वैद्यांना वेगळे सांगण्याची गरज नाही, पण एक गोष्ट नजरेतून सुटते. बहुतेक ठिकाणी रात्रीचे जेवण सहा-साडेसहाला उरकते आणि सकाळचा नाश्ता नऊला येतो. मधुमेहाची गोळी अथवा इन्शुलिन चालू असलेल्या वृद्धाला एवढे अंतर धोक्याचे ठरू शकते. गिळण्यास त्रास असणाऱ्याला उताणे निजवून पेज भरवली जात नाही ना, जेवणानंतर अर्धा तास तरी बसते ठेवतात ना, हे जेवणाच्या वेळी उभे राहून पाहावे. दरमहा वजन नोंदवले जाते काय, हेही पाहावे. महिन्याभरात शरीरभाराचा विसावा भाग विनाकारण घटला, तर ती गंभीर बाब होय.

आता आपल्या शास्त्राच्या औषधांविषयी थोडे स्पष्ट लिहिणे भाग आहे. नातेवाईक केंद्रात काढे, वटी, चूर्णे घेऊन जातात आणि ती मावशीच्या हाती देतात. तेथल्या डॉक्टरांना ती ठाऊक नसतात. रुग्णाला रक्त पातळ ठेवणारी अथवा मधुमेहाची औषधे चालू असतील, वृक्क दुर्बल असतील, तर हा अंधार घातक होय. वैद्याने दिलेल्या प्रत्येक पुडीवर नाव, मात्रा, अनुपान व कालावधी मराठीत लिहिलेला असावा, आणि तो केंद्राच्या धारिकेत डॉक्टरांच्या औषधांसोबत एकाच पानावर चढवलेला असावा. सारक औषधाची मात्रा थोडी चुकली तरी पातळ मलाने व्रण दूषित होतो, हे विसरता कामा नये. अभ्यंग जरूर सुचवावा. परंतु तळपायाचे तेल पुसल्यावाचून फरशीवर पाय ठेवू देऊ नये आणि संवेदना गेलेल्या अंगाला शेक देऊ नये, ही सूचना लेखी असावी.

पैशाविषयी थोडक्यात. मासिक आकारात डायपर, अल्फा बेड, प्राणवायू, फिजिओथेरपी धरली आहे काय; डिपॉझिट केव्हा परत मिळते; प्रकृती बिघडल्यास कोणत्या रुग्णालयात व कोणाच्या निर्णयाने हलवणार; हे सर्व कागदावर घ्यावे. तक्रारीची वेळ आलीच तर ज्येष्ठांसाठीची १४५६७ ही राष्ट्रीय हेल्पलाइन कुटुंबास ठाऊक असू द्यावी.

हे सारे पाहून झाल्यावरही एक प्रश्न पुष्कळ घरांत विचारायचा राहून जातो, तो म्हणजे ज्याला ठेवायचे त्याची इच्छा काय. वाचा गेली म्हणजे बुद्धी गेली असे नव्हे. ‘दोन दिवसांसाठी डॉक्टरांकडे जायचे आहे’ असे सांगून आणलेले वृद्ध आम्ही पाहिले आहेत. त्यांनी पहिल्याच आठवड्यात अन्न सोडले, आणि त्याची नोंद ‘अरुची’ अशी झाली. सत्य सांगून, ते ठिकाण आधी दाखवून, शक्य तर आठ-पंधरा दिवसांच्या मुदतीवर ठेवून पाहावे. स्मृतिभ्रंशाच्या रुग्णालाही त्याच्या आकलनापुरते सांगावेच. घरची उशी, देवाची तसबीर, नेहमीचा तांब्या सोबत जाऊ द्यावा. या वस्तूंना ‘नियमात बसत नाही’ म्हणणारे केंद्र अनुराग या गुणात उणे पडले, असे आम्ही धरतो.

निवड झाली म्हणजे कुलवैद्याने एक पानाचे टिपण लिहून द्यावे असे आम्ही सुचवितो. त्यात रुग्णाची प्रकृती, कोष्ठ, पूर्वीचे व्याधी, चालू औषधे असावीतच. पण पहाटे किती वाजता जाग येते, चहा बशीत ओतून लागतो की पेल्यात, डाव्या कानाने ऐकू येत नाही, पत्नी निवर्तल्याचे आठवले की संध्याकाळी रडू येते, हेही असावे. हे टिपण संचालकांकडे न देता खाटेजवळ लावावे, म्हणजे रात्रपाळीला आलेली नवी मावशी ते वाचू शकेल. तिला मराठी वाचता येत नसेल, तर तिच्या भाषेत लिहून घ्यावे.