पावसाळ्यात उलटा वाहणारा वारा

भंडाऱ्यात रोवणीच्या दिवसांत जमिनीलगतचा वारा बहुधा पश्चिमेकडून येतो. त्याच वेळी डोक्यावर १४ ते १६ किलोमीटर उंचीवर वारा नेमका उलट, पूर्वेकडून पश्चिमेकडे धावत असतो. हाच उष्णकटिबंधीय पूर्व जेट प्रवाह. त्याचा गाभा भंडाऱ्याच्या दक्षिणेला, द्वीपकल्पावर असतो आणि तिथे वेग ताशी १०० किलोमीटरच्या पुढे जातो. हवामानशास्त्रज्ञ पी. कोटेश्वरम यांनी १९५८ मध्ये त्यावरचा शोधनिबंध प्रसिद्ध केला.

उन्हाळ्यात तिबेटच्या पठारावरची हवा विषुववृत्तावरच्या हवेपेक्षा जास्त तापते, म्हणून हा प्रवाह तयार होतो. हिवाळ्यात उत्तर गार पडते, चित्र पालटते आणि वरच्या थरांतही पश्चिमी वारे येतात.

नागपूरच्या हवामान केंद्रातून सोडलेल्या फुग्याच्या वाटेत हा फरक सरळ दिसतो. जानेवारीत फुगा वर जाता जाता पूर्वेकडे, म्हणजे भंडाऱ्याच्या बाजूला वाहत येतो. जुलैत तो आधी पूर्वेला सरकतो, मग उंचावर पोचला की मागे वळून पश्चिमेला निघतो. तसा फुगा नसला तरी ढगाकडे पाहावे: एप्रिलच्या वादळी ढगाचा ऐरणीसारखा माथा सहसा पूर्वेकडे पसरतो, तर ऐन पावसाळ्यात पश्चिमेकडे.

थेट विषुववृत्तावर, याहूनही उंच, वाऱ्याची दिशा ऋतू पाळत नाही. तिथे पूर्व-पश्चिम वाऱ्यांचे एक आवर्तन साधारण २८ महिन्यांत पुरे होते.