‘दारू नाही, औषधच आहे’

उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूर या पट्ट्यात नशेचा विषय निघाला की आपल्या मोहल्ल्यात एक वाक्य हमखास ऐकू येते: "आमचा पोरगा दारूला हात लावत नाही." बहुतेक वेळा ते खरेही असते. तोंडाला वास नसतो आणि जुम्याला पोरगा मस्जिदीत दिसतो. पण खिशात गोळ्यांची पट्टी असते. विचारले तर उत्तर तयार: "हे तर औषध आहे, मेडिकलमध्ये मिळते."

आम्ही शाळेत शिकवतो, म्हणून या उत्तराकडे दुर्लक्ष करू शकत नाही. दारू हराम हे मुलाला लहानपणापासून माहीत असते. गोळीबद्दल घरात कोणी काही सांगितलेलेच नसते. कुठल्याही आलिमांना विचारा, नशेसाठी घेतलेली वस्तू बाटलीतली असो की पट्टीतली, हुकूम एकच सांगतील. इलाजासाठी डॉक्टरांनी लिहून दिलेले औषध ही वेगळी बाब, ते भीतीने बंद करू नये.

आता औषधे कोणती ते पाहू. पहिले, कोडीन असलेले खोकल्याचे सिरप. कोडीन हे अफूच्या घराण्यातले. पोटात गेल्यावर यकृत त्याच्या काही भागाचे मॉर्फिन करते. चमचाभर घेतले तर खोकला दबतो, बाटली रिकामी केली तर गुंगी येते आणि श्वास मंदावतो. केंद्र सरकारने 2016 साली 344 मिश्र औषधांवर बंदी घातली, त्यात अशी सिरपेही होती. कंपन्या कोर्टात गेल्या, बंदी उठली. मग जून 2023 मध्ये 14 मिश्र औषधांवर पुन्हा बंदी आली, त्यात कोडीन आणि क्लोरफेनिरामीनचे सिरप होते.

दुसरे, ट्रामाडॉलसारख्या वेदनाशामक गोळ्या. जीन्सच्या कारखान्यात पीसवर शिवणाऱ्याची कंबर धरते, एक गोळी घेतली की रात्रपाळी निघते. महिनाभराने एकीने भागत नाही. जास्त डोसात ट्रामाडॉलने फिट येऊ शकते. 2018 पासून हे औषध अमली पदार्थांच्या कायद्याखाली आले आहे.

तिसरा गट आम्हाला सर्वांत जास्त काळजीचा वाटतो: झोपेच्या आणि घबराटीच्या गोळ्या, म्हणजे अल्प्राझोलाम, नायट्राझेपाम, डायझेपाम. मालेगावात अल्प्राझोलामला ‘कुत्ता गोळी’ हे नाव पडले, मुंबईकडे अशा गोळ्यांना ‘बटन’ म्हणतात. या गोळ्या मेंदूला ब्रेक लावतात. रोज ब्रेक लागला की मेंदूही त्याच्याविरुद्ध जोर लावायला शिकतो, म्हणून कालची अर्धी गोळी आज पुरत नाही. आणि ही सवय फक्त पोरांना लागते असे नाही. दादीला कधीकाळी पंधरा दिवसांसाठी लिहून दिलेली गोळी पाच वर्षे चालू असते, कारण जुनी चिठ्ठी दाखवली की मिळते. मग तीच पट्टी नातवाच्या हाती लागते. 2019 च्या राष्ट्रीय पाहणीत देशात सुमारे 1 कोटी 18 लाख लोक अशी गुंगीची औषधे वैद्यकीय गरजेशिवाय घेत असल्याचे दिसले. त्यामुळे ‘आपल्या घरात कुठे’ हे म्हणणे जरा थांबवावे.

इथे आई-वडिलांनी एक गोष्ट पक्की लक्षात ठेवावी. मुलगा सापडला की पहिला राग म्हणजे गोळ्या फेकायच्या, खोलीत कोंडायचे, दोन दिवसांत ठीक होईल. असे करू नका. रोज जास्त डोस घेणाऱ्याची झोपेची गोळी एकदम तोडली तर घाम, थरथर, भास आणि फिट येऊ शकते. त्यात जीवही जातो. डोस डॉक्टर हळूहळू उतरवतात, कधी आठवडे लागतात, कधी महिने. कोणी ‘केंद्र’ म्हणून साखळीने बांधून ठेवत असेल तर तो इलाज नव्हे. 2017 च्या मानसिक आरोग्य कायद्याने साखळीला मनाई केली आहे.

मेडिकलवाल्यांसाठीही नियम कडक आहेत. मार्च 2014 पासून ‘एच-1’ यादीतल्या औषधांसाठी डॉक्टरांची चिठ्ठी तर लागतेच, शिवाय दुकानदाराला डॉक्टर, रुग्ण, औषध आणि मात्रा वहीत लिहून ती 3 वर्षे जपावी लागते. वर सांगितलेल्या झोपेच्या गोळ्या, कोडीन, ट्रामाडॉल सगळे त्या यादीत आहे. पट्टीवर लाल चौकटीतला इशारा असतो, घरी असलेली पट्टी एकदा उलटून बघा. चिठ्ठीशिवाय देणारा दुकानदार उपकार करत नाही. त्याची तक्रार ठाण्याच्या अन्न व औषध प्रशासनाकडे करता येते.

पोरांना सांगण्याची आणखी एक बाब: "फक्त एवढा खोका त्या दुकानात दे, पाचशे रुपये घे." अल्प्राझोलामची 100 ग्रॅमवरची मात्रा कायद्यात व्यापारी ठरते, शिक्षा किमान 10 वर्षे, जामीन अतिशय कठीण. आणि 2020 च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाप्रमाणे मिश्रणात निव्वळ औषध नव्हे, पूर्ण वजन धरतात. गोळी हलकी दिसते, खोका हलका नसतो.

ओळखायचे कसे? जेवणाआधी पेंग, बोलणे जड, कालचे आज आठवत नाही, खोकला नसताना सिरपच्या बाटल्या, घरातून छोट्या रकमा गायब. एका खुणेवरून निष्कर्ष काढू नका, वयात येणारी मुले झोपाळू असतातच. पण तीन-चार खुणा एकत्र दिसल्या तर बोला, आणि ओरडण्याआधी किती घेतोस, किती दिवसांपासून, हे विचारा. डॉक्टर पहिले हेच विचारणार.

राष्ट्रीय नशामुक्ती हेल्पलाइन 14446 वर फोन मोफत आहे, मानसिक त्रासासाठी टेलिमानस 14416. उल्हासनगरचे मध्यवर्ती रुग्णालय जवळ आहे, मानसोपचाराचे मोठे सरकारी रुग्णालय ठाण्यात. जाताना रिकाम्या पट्ट्या, बाटल्या आणि जुन्या चिठ्ठ्या सोबत न्या. मुलगा शुद्धीवर येत नसेल, श्वास अडखळत असेल किंवा फिट आली असेल तर कुशीवर वळवा, तोंडात पाणी घालू नका आणि 108 लावा.