सामाजिक अंतराची मोजपट्टी आणि आपला पाणवठा

समाजशास्त्राच्या पाठ्यपुस्तकात बोगार्डसची मोजपट्टी हटकून असते. दक्षिण कॅलिफोर्निया विद्यापीठातील प्राध्यापक एमरी बोगार्डस यांनी ती १९२५ साली मांडली. निरनिराळ्या वंशांच्या आणि देशांच्या माणसांना अमेरिकन माणूस किती जवळ येऊ देईल, हे तिने मोजायचे. पायऱ्या सात. विवाहसंबंधाने नातलग म्हणून चालेल का, क्लबात मित्र म्हणून चालेल का, माझ्या रस्त्यावर शेजारी म्हणून, माझ्या व्यवसायात कामाला, माझ्या देशाचा नागरिक म्हणून, नुसता पाहुणा म्हणून. आणि सातवी, त्याला देशाबाहेरच ठेवावे का. जी सर्वांत जवळची पायरी चालते, तिचा आकडा म्हणजे त्या माणसाने राखलेले अंतर. यामागे एक गृहीत आहे : ज्याला जावई चालतो त्याला शेजारी चालतोच, ज्याला शेजारी चालतो त्याला नागरिक म्हणून चालतोच.

पनवेलला मी ज्या वर्गात ही पट्टी शिकवतो तिथे आगरी, कोळी, बौद्ध, मराठा, कातकरी अशी सगळी मुले असतात. माझ्यासारखी पुष्कळजण घरातली पहिलीच कॉलेजात आलेली. सातही वाक्ये मी मुद्दाम शब्दशः मराठीत करून फळ्यावर लिहितो. प्रश्नावली एका भाषेतून दुसरीत नेताना रिचर्ड ब्रिसलिन यांनी १९७० मध्ये मांडलेली उलट-भाषांतराची पद्धत जगभर वापरतात. एकाने भाषांतर करायचे, मूळ न पाहिलेल्या दुसऱ्याने ते परत फिरवायचे, मग दोन्ही ताडून पाहायची. माझी सात वाक्ये या कसोटीला सहज उतरतात. ‘नेबर’चा ‘शेजारी’ होतो आणि ‘शेजारी’चा पुन्हा ‘नेबर’. एकदा एका मुलीने विचारले, “सर, शेजारी म्हणजे भिंतीला भिंत, की एकाच गावातला?” तिच्या गावात बौद्धवाडी ओढ्यापलीकडे आहे. गाव एकच, टपालाचा पत्ता एकच, पण शेजार नाही. शब्द बरोबर परतला म्हणून अर्थ परतला असे होत नाही.

क्लबाचेही तसेच. क्लब म्हणजे भजनी मंडळ धरायचे की क्रिकेटची टीम? टीममध्ये चालणारा गोलंदाज सामन्यानंतर कोणाच्या ओटीपर्यंत येतो आणि कोणाच्या माजघरापर्यंत, हे मुलांना चांगले ठाऊक असते. कामाच्या पायरीवर तर मोठाच घोटाळा आहे. बोगार्डसला तिथे बरोबरीने काम करणारा सहकारी अभिप्रेत होता. मराठीत ‘कामाला चालेल का’ म्हटले की मनात गडी येतो. बलुतेदारीत शतकानुशतके आमच्याकडून काम घेतलेच, ते काही जवळीक होती म्हणून नव्हे. आणि खालच्या तीन पायऱ्या आपल्याकडे रिकाम्याच राहतात. नागरिकत्व संविधानाने दिले आहे. ‘नको’ म्हणायला कोणी धजत नाही. परिणामी ही पट्टी जातीला लावली की अंतर थोडेच दिसते, आणि कागदावर आपला समाज फार सोवळा, म्हणजे निर्दोष, ठरतो.

पाणी या पट्टीत कुठेच नाही. काळ्यांसाठी वेगळे नळ अमेरिकेच्या दक्षिणेतही होते. तरीही नळाची पायरी झाली नाही. आपल्या जिल्ह्याच्या इतिहासाशी हे ताडून पाहावे. सी. के. बोले यांचा सार्वजनिक पाणवठे सर्वांना खुले करणारा ठराव मुंबई विधिमंडळात १९२३ मध्ये मंजूर झाला. महाडच्या नगरपालिकेने पुढच्याच वर्षी चवदार तळे खुले केल्याचा ठराव केला. नागरिक म्हणून हक्क मिळाला होता, पाणी नव्हते. त्यासाठी २० मार्च १९२७ ला डॉ. आंबेडकरांना हजारो माणसांसह तळ्यावर जावे लागले, आणि न्यायालयाचा अंतिम निकाल लागायला १९३७ साल उजाडले. बोगार्डसच्या शिडीवर हा दहा वर्षांचा झगडा कोणत्या पायरीवर मांडायचा?

म्हणून माझे म्हणणे असे की पट्टीचे भाषांतर पुरत नाही, पायऱ्याच नव्याने शोधाव्या लागतात. पाणी, चहाचा कप, पंगत, स्वयंपाकघर, भाड्याची खोली, देवळाचा गाभारा, स्मशान. त्यांचा क्रमही आपण टेबलाशी बसून ठरवू नये. ज्यांनी ते अंतर सोसले त्यांना आधी विचारावे. २०११-१२ च्या भारत मानव विकास सर्वेक्षणात सुमारे बेचाळीस हजार कुटुंबांना आधी विचारले, घरात कोणी अस्पृश्यता पाळते का. ‘नाही’ म्हणणाऱ्यांना पुढचा प्रश्न होता : अनुसूचित जातीचा माणूस स्वयंपाकघरात आला किंवा घरातली भांडी वापरली तर चालेल का? दोन्ही मिळून सुमारे २७ टक्के कुटुंबे सापडली. स्वयंपाकघराचा प्रश्न नसता तर आकडा आणखी खाली राहिला असता. हा प्रश्न परदेशी पुस्तकातून आलेला नाही.

देशी हातांनी केलेली पट्टी आपोआप निर्दोष असते असेही नाही. उदय पारीक आणि त्रिवेदी यांच्या १९६४ च्या ग्रामीण सामाजिक-आर्थिक श्रेणीत जमीन, घर, शिक्षण यांबरोबर जातीलाही गुण आहेत. अनुसूचित जातीला १, प्रबळ जातीला ६. समाजात असेच मानतात, मग नोंदवले तर काय बिघडले, असे कोणी म्हणेल. नोंदवावेच, पण बेरजेत मिळवू नये. तेवढीच जमीन आणि तेवढेच शिक्षण असलेला बौद्ध शेतकरी या बेरजेत पाच गुणांनी मागे पडतो, आणि मग ‘स्थिती खालची म्हणून आजार जास्त’ असा निष्कर्ष निघाला तर त्यात गरिबी किती आणि जात किती, हे कोणालाच वेगळे करता येत नाही. जातीचा रकाना स्वतंत्र ठेवला तरच जातीला जाब विचारता येतो.

आडनावांचीही गंमत आहे. सुखदेव थोरात आणि पॉल अ‍ॅटवेल यांनी २००७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात सारख्याच पात्रतेचे, फक्त नावे वेगळी असलेले अर्ज खासगी कंपन्यांकडे पाठवले होते. दलित नावांना बोलावणी कमी आली. महाराष्ट्रात हे हत्यार जपून वापरावे लागेल. जाधव, गायकवाड, मोरे ही आडनावे मराठ्यांतही आहेत आणि बौद्धांतही. ‘कर’ लावलेले आडनाव तर गाव सांगते, जात सांगतेच असे नाही. नवीन पनवेलच्या सोसायटीत खोली पाहायला गेलेल्या जाधवला म्हणूनच पुढचा प्रश्न येतो, “गाव कुठलं?” आणि त्यानंतर, “जाधव म्हणजे कुठले?” मुलांना मी आता हेच प्रश्न, ज्या क्रमाने विचारले गेले त्याच क्रमाने, वहीत उतरवून आणायला सांगतो.